पोहरा नसलेला ख्रिस्त

दलित साहित्यावरील चर्चेत ‘श्रद्धा’ हा शब्द आला की आपण सावध होतो. ही सावधगिरी अकारण नाही. ज्या देवाच्या नावाने पाणवठे बंद झाले, ज्या पूर्वजन्माच्या हिशेबाने आपल्या आज्या-पणज्यांचे जगणे ठरवले गेले, त्या देवाला आणि त्या जन्माला नकार देऊनच आपले साहित्य उभे राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी आपल्या लेखणीला जी दिशा दिली तिचा आरंभ नकारातच होता, आणि त्या नकारात नवे घडवण्याची ताकद होती हे आता पुन्हा सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. तथापि या नकाराबरोबर आपल्या समीक्षेला एक सवयही लागली. कवितेत ‘प्रभू’ हा शब्द दिसला की पान मिटायचे. ‘भक्तिपर’ असा शेरा मारला की काम संपले. हा प्रभू कोणाचा, तो कोणत्या वस्तीत उतरतो, त्याच्याशी बोलणारी बाई कोणत्या भाषेत बोलते, ती त्याची प्रार्थना करते की त्याची उलटतपासणी घेते, हे आपण विचारीतच नाही.

हे प्रश्न माझ्यापुढे उभे केले ते माझ्या एका मैत्रिणीच्या लेखनाने. गेल्या वर्षी ती वारली. वसतिगृहातल्या एकाच खोलीत आम्ही तीन वर्षे काढली. मी बौद्ध, ती ख्रिस्ती. मी महारवाड्यातून आलेली, ती मांगवाड्यातून. तिच्या तीन वह्या घरच्यांच्या संमतीने सध्या माझ्याकडे आहेत. त्यांतले थोडे लेखन चर्चच्या एका मासिकात छापून आले, बरेचसे वह्यांतच राहिले. तिचे नाव मी येथे देत नाही. छापील लेखाखालीही तिने कधी आडनाव घातले नाही. पहिले नाव शास्त्रातले आणि आडनाव मांगवाड्यातले, ही दोन्ही शेजारी ठेवली की लोक लेख वाचायच्या आधी आपल्यालाच वाचून मोकळे होतात, असे ती म्हणे. तिची ती इच्छा मी पाळते. मृताविषयी चांगले बोलावे म्हणूनही हा लेख लिहीत नाही. तिच्या लेखनाचे जे बळ आहे आणि जे उणे आहे, दोन्ही आपल्या वाचकांपुढे मांडावे एवढाच हेतू.

तिचे गाव अहमदनगर जिल्ह्यातले. (२०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, तिच्या वह्यांत मात्र सगळीकडे ‘नगर’च आहे.) अमेरिकन मराठी मिशनने या शहरात १८३१ साली ठाण मांडले. मराठी ख्रिस्ती समाजाचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली येथेच निघाले. पुढे १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ या मुलखावर पडले. माझ्या मैत्रिणीचे घराणे ख्रिस्ती झाले ते दुसऱ्या दुष्काळात, म्हणजे जुनी माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात त्यात. ‘भाकरीसाठी बाटलेले’ हे शब्द तिने शाळेत ऐकले, कॉलेजात ऐकले आणि, हे सांगितलेच पाहिजे, आपल्या चळवळीतल्या मंडळींकडूनही ऐकले. यावर तिचा एक लहानसा लेख आहे. ती टोमणा खोडून काढायच्या भानगडीत पडत नाही. होय, भाकरीसाठीच, असे ती पहिल्याच ओळीत मान्य करते आणि मग विचारते की भाकरी देणाऱ्याच्या हेतूची एवढी चौकशी करणाऱ्यांनी त्याच साली ज्यांच्या पेवांत धान्य होते आणि ज्यांनी ते दिले नाही त्यांच्या हेतूची चौकशी कधी केली काय? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकरी मागितलेली आहे, ती पापक्षमेच्याही आधी मागितलेली आहे, तेव्हा आमचा क्रम शास्त्राप्रमाणेच होता, असे ती शेवटी लिहिते. या शेवटात जो तिरकस विनोद आहे तो मिशनच्या शाळेतला नव्हे. तो वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचा आहे.

मराठीतले ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टिळक दांपत्य येते. ते स्वाभाविकही आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती मंदिरांत मराठी अभंग आणि भजन रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठी गद्याचा हा ठेवा आहे, त्यात वाद नाही. माझी मैत्रीण हे पुस्तक दरवर्षी एकदा वाचायची. वसतिगृहात रात्री दिवा गेल्यावर मला त्यातले प्रसंग तोंडपाठ सांगायची आणि सांगता सांगता हसून लोळायची. लक्ष्मीबाईंच्या विनोदावर तिचा जीव होता. आणि तरीही दुसऱ्या वहीत ‘स्मृतिचित्रे’वर तिचा जो लेख आहे, तो माझ्या मते या पुस्तकावर आजवर झालेल्या लेखनात कोठेच न आलेली एक गोष्ट सांगतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे होते की त्यापायी घरदार सोसत होते. अशा घरात वाढलेली बाई, अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहते, पुढे त्याच्याजवळ येते ती आपले सोवळे सांभाळूनच, आणि मग एक दिवस तिच्या मनात प्रश्न येतो की या जाती देवाने केल्या की माणसाने? त्या प्रश्नासरशी ती ठरवते की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. १९०० साली ती बाप्तिस्मा घेते. हा प्रसंग मोठाच आहे. एका ब्राह्मण स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने जात टाकली. माझी मैत्रीण या प्रसंगाला नमस्कार करते आणि मग म्हणते : लक्ष्मीबाईंच्या हातात जात होती, म्हणून त्यांना ती टाकता आली. माझ्या पणजीच्या हातात काय होते? तिनेही बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली तेव्हा विहिरीवरच्या बायांनी तिला नव्या नावाने हाक मारली काय? लक्ष्मीबाईंनी जात सोडली. माझ्या पणजीला जातीने सोडले नाही.

या निरीक्षणापाशी क्षणभर थांबले पाहिजे. मराठीतल्या धर्मांतराच्या ज्या कथा शिष्ट वाचकाला ठाऊक आहेत त्या सगळ्या वळणाच्या कथा आहेत. आधीचे आयुष्य, मग शंका, मग झगडा, मग प्रकाश, मग नवे आयुष्य. त्या कथेचा नायक काहीतरी गमावतो : घर, मान, वतन, नातीगोती. त्या गमावण्यातून त्याच्या श्रद्धेची किंमत ठरते. पण ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हते त्याची श्रद्धा मोजायची कशाने? अशा माणसाच्या लेखनात ‘वळण’ सापडत नाही म्हणून ते उथळ ठरवायचे काय? माझ्या मैत्रिणीची श्रद्धा चौथ्या पिढीची होती. तिला ती चुलीसारखी घरात मिळाली होती. म्हणून तिच्या लेखनात साक्षात्कार कोठेही नाही. तिच्या लेखनात भांडण आहे, आणि ते घरच्या माणसाशी करतात तसे आहे.

तुकारामाच्या पुलाबद्दलही तिने एका टिपणात लिहिले आहे की पूल बांधायला आधी आपला काठ असावा लागतो. आमची माणसे पुलावरून आली नाहीत, ती कोरड्या नदीतून चालत आली. टिळकांवर हा थोडा अन्याय आहे असे मला वाटते. १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढताना टिळकांनी मिशनच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले होते आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली होती. त्यांना चौकटी जाचत होत्या हे नक्की. पण त्यांना जाचत होती ती गोऱ्यांची चौकट. चर्चच्या आतल्या महार-मांग भेदाची चौकट तिला जाचत होती. लग्न जुळवायची वेळ आली की ख्रिस्ती घरांतूनही जुनी विचारपूस कशी सुरू होते, हे तिने जवळून पाहिले होते.

आता तिच्या सर्वांत महत्त्वाच्या लेखाकडे येते. योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीची गोष्ट आहे. वाचकांपैकी अनेकांनी ती वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. भर दुपार आहे. येशू चालून थकलेला आहे. याकोबाच्या विहिरीच्या काठावर तो एकटा बसला आहे. शिष्य गावात अन्न विकत आणायला गेले आहेत. शोमरोनी लोकांना यहुदी हीन लेखत, त्यांच्याशी संबंध ठेवीत नसत. अशा समाजातली एक बाई घागर घेऊन पाण्याला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते : तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस? मग जीवनाच्या पाण्याविषयी त्यांचा संवाद होतो, तिच्या पाच नवऱ्यांचा उल्लेख येतो आणि शेवटी ती घागर तेथेच टाकून गावात धावत जाते.

या गोष्टीवरची प्रवचने दोन प्रकारची असतात, असे माझी मैत्रीण लिहिते. पहिल्या प्रकारचा उपदेशक पाच नवऱ्यांवर घसरतो. वस्तीतल्या बायांसमोर तो तासभर चारित्र्यावर बोलतो. दुसऱ्या प्रकारचा उपदेशक सुधारक असतो. तो म्हणतो, पाहा, प्रभू केवढा थोर, त्याने अस्पृश्य बाईच्या हातचे पाणी मागितले! या दुसऱ्या उपदेशकावर तिचा राग अधिक आहे. सहभोजनाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसून घास घेणाऱ्या आणि तो घास फोटोत नीट आला की नाही ते पाहणाऱ्या पुढाऱ्याची तिला आठवण होते. अशा वाचनात ख्रिस्त ब्राह्मण होतो आणि बाई त्याच्या औदार्याचे साधन होते.

मग ती एका वाक्याकडे बोट दाखवते. बाई येशूला म्हणते की विहीर खोल आहे आणि तुझ्याजवळ पाणी काढायला काही नाही. मैत्रिणीचा सगळा लेख या वाक्यावर उभा आहे. पोहरा नाही, दोर नाही, घागर नाही. विहिरीच्या काठावर तहानलेला, पण विहिरीतले पाणी ज्याच्या हाताला लागत नाही असा माणूस कोण? मांगवाड्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. नळ यायच्या आधी तिची आजी अशीच बसत असे. भांडे जमिनीवर ठेवायचे, लांब सरकायचे आणि कोणी वरच्या जातीची बाई येऊन दया करील, उंचावरून चार ओंजळी ओतील, तोवर वाट पाहायची. दुपार टळून जाई. येशू त्या जागेवर बसला आहे. शोमरोनी बाईच्या हातात घागर आहे, दोर आहे, विहीर तिच्या बापजाद्यांची आहे. मागणारा तो आहे. त्या घटकेपुरता या गोष्टीतला मांग ख्रिस्त आहे.

येथे ती आणखी एक तपशील आणते आणि मला वाटते तो फक्त तिलाच सुचू शकत होता. दोर. मांगाचा पिढीजात धंदा दोर वळण्याचा. घायपाताचा वाख काढायचा, वळायचा, पीळ द्यायचा. मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, गाईगुरांची दावी, पोहऱ्याचे दोर, सगळे मांगाच्या हातचे. म्हणजे ज्या विहिरीला तिच्या आजीचा हात लागायचा नाही, त्या विहिरीत दिवसभर तिच्या आजोबांच्या हातचा दोर खाली-वर होत असे. दोराला विटाळ नव्हता. शेंदणाऱ्या बाईच्या तळव्याला मांगाच्या तळव्याचा पीळ लागत होता आणि तो चालत होता. ही गोष्ट ती अगदी शांतपणे, जवळजवळ हिशेब लिहावा तशी लिहिते. मग एकच प्रश्न विचारते : शुभवर्तमानात येशूला पाणी मिळाले असे कोठे लिहिले आहे? मी तो अध्याय पुन्हा काढून पाहिला. लिहिलेले नाही. बाई घागर टाकून जाते, शिष्य भाकरी घेऊन येतात, तो जेवायलाही नको म्हणतो. तहानेचे पुढे काय झाले, शास्त्र गप्प आहे. तिचा लेख तेथेच संपतो.

या लेखावर वसतिगृहात आमचे रात्र रात्र भांडण झाले होते. मी म्हणाले, “अगं, तुझा ख्रिस्त पाणी मागतो. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी पाणी मागितले नाही, ते चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी पाणी घेतले. मागण्याच्या साहित्यातून आपल्याला बाहेर पडायचे आहे.” ती म्हणाली, “आम्ही मागत होतो तेव्हा आमच्यात देव मागत बसला होता, एवढेच मी लिहिले. तळ्याला जायला मी नको म्हटले का? मी तर म्हणते, तोही आला असता.” मला हे उत्तर त्या वेळी पटले नाही. आजही पुरते पटत नाही. सोबत बसणारा देव आणि हक्क मिळवून देणारी चळवळ यांत फरक आहे, आणि सोबतीच्या समाधानात हक्काची तहान मंदावते, ही भीती खोटी नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर जे लिहिले, ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही, पुढे त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या १९८९ च्या पाचव्या खंडात आले. त्यात त्यांचा नेमका आक्षेप हाच आहे. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्यावरील सामाजिक अन्यायाविरुद्ध उठत नाही, कारण आपल्या पतनाचे मूळ समाजात नसून स्वतःच्या पापात आहे असे त्याला शिकवले जाते, हा त्यांचा निष्कर्ष आहे. मैत्रिणीने हा भाग वाचला होता. समासात तिने पेन्सिलीने ‘खरे आहे’ असे लिहिले आहे.

आणि म्हणूनच तिच्या सबंध लेखनात ‘मी पापी’ ही भाषा नाही. हे लक्षात यायला मला तिन्ही वह्या वाचाव्या लागल्या. ख्रिस्ती भजनांतला हा सर्वांत घासलेला शब्द तिने कोठेही स्वतःसाठी वापरलेला नाही. बाबासाहेबांचा आक्षेप तिने असा पचवला होता. वादात तो खोडून न काढता तिने आपली लेखणीच बदलली.

दुसरी रचना कनानी बाईची. मत्तय आणि मार्क या दोघांनीही ही गोष्ट दिली आहे. परक्या जातीची एक आई आपल्या आजारी मुलीसाठी येशूच्या पाया पडते. तो आधी उत्तरच देत नाही. मग म्हणतो की मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणे बरे नव्हे. ती म्हणते, कुत्रीही धन्याच्या मेजाखाली पडलेला चुरा खातातच की. तेव्हा तो तिचा विश्वास मोठा म्हणतो आणि मुलगी बरी होते. गावगाड्यात उष्ट्यावर ज्यांचा ‘हक्क’ ठरवून दिलेला होता, लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्रावळी उचलायला ज्यांनी जायचे होते, त्यांच्या लेकीने ही गोष्ट वाचावी कशी? माझ्या मैत्रिणीने ती दोनदा लिहिली. पहिली कविता चर्चच्या मासिकात आली. तीत बाईची नम्रता आहे, मुलीचे बरे होणे आहे आणि शेवटी उपकारस्तुती आहे. कविता नीटनेटकी आणि निर्जीव आहे. दुसरी वहीत आहे. तीत मुलगी बरी होते, आई तिला घेऊन घरी जाते, चूल पेटवते, आणि रात्री मुलगी विचारते, आई, तो आपल्याला काय म्हणाला? आई उत्तर देत नाही. ख्रिस्ताला वादात हरवणारी शुभवर्तमानातली ही एकच व्यक्ती आहे, असे मैत्रीण नेहमी अभिमानाने सांगे. पण कवितेत तिने तो विजय साजरा केलेला नाही. तो शब्द घरापर्यंत आला आहे, मुलीच्या कानात राहिला आहे. श्रद्धावान कवीने आपल्या प्रभूच्या तोंडचा एक शब्द क्षमा न करता तसाच ठेवावा, यासाठी जे धैर्य लागते ते नास्तिकाला लागत नाही. माझ्यासारखीला तर तेथे काहीच पणाला लावावे लागत नाही.

ही दुसरी कविता तिने त्याच मासिकाकडे पाठवली. उत्तर आले की शेवटचे कडवे गाळल्यास छापू, आणि ‘मांगवाडा’ हा शब्द बदलावा, कारण ख्रिस्तात जात नाही. तिने ती परत घेतली आणि आपल्याच चळवळीतल्या एका नियतकालिकाकडे पाठवली. तेथून ती परत आली, कोपऱ्यात लाल शाईने शेरा होता : ‘भक्तिपर’. दोन्ही पत्रे तिने वहीत चिकटवून ठेवली आहेत, समोरासमोरच्या पानांवर. एकाला तिची जात नको होती, दुसऱ्याला तिचा ख्रिस्त. कोणाचेही नाव घेण्याचे कारण नाही. हे दोन माणसांचे दोष नव्हेत. दोन्हीकडची समीक्षा अशीच घडलेली आहे.

आणि सरकारही असेच घडलेले आहे. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यांना यादीबाहेर ठेवले. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. त्यामुळे एका खोलीत राहणाऱ्या आम्हा दोघींपैकी मला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती होती आणि तिला नव्हती. तिच्या दाखल्यावर ‘इतर मागासवर्गीय’ असे होते. तिच्या वाड्यावरची जी घरे ख्रिस्ती झाली नव्हती त्यांच्या भिंतीला तिच्या घराची भिंत लागून होती. बौद्धांना १९९० साली जे मिळाले ते या घरांना मिळावे, असे आपल्या व्यासपीठांवरून मोठ्याने किती वेळा म्हटले गेले? यादीत वाटेकरी वाढतील ही कुजबुज मात्र मी पुष्कळ ऐकली आहे.

श्रद्धेचे लेखन दलित असू शकते काय, या प्रश्नाला इतिहासाने फार पूर्वीच उत्तर दिले आहे, आपण ते नीट वाचलेले नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली ही मांगाची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. आपल्या परंपरेचा आरंभ म्हणून हा निबंध आपण अभिमानाने पुनःपुन्हा छापतो. पण तो कोणाला उद्देशून आहे? मुक्ता त्यात देवाला हाक मारते. वेद आमचे नव्हेत, मग आमचा धर्म कोणता ते सांग, असे ती देवालाच विचारते. अस्पृश्य स्त्रीच्या मराठी गद्याची छापील सुरुवात अशी देवाला विचारलेल्या प्रश्नाने झाली आहे. ‘भक्तिपर’ हा शेरा लाल शाईने मारायचाच तर पहिला तेथे मारावा लागेल.

तिच्या लेखनाची उणी बाजू लपवण्यासारखी नाही. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणांसाठी तिने मागणीवरून लिहिलेली गीते सामान्य आहेत. तारा, गोठा, मेंढपाळ, सारे ठरलेल्या जागी येतात, यमके भजनांच्या पुस्तकातून उचललेली वाटतात. आजारपणातल्या कविता मला वाचवत नाहीत हे खरे, पण त्यांत तिची भाषा हरवली आहे हेही खरे. तिच्यापाशी दोन मराठी होत्या. एक पवित्र शास्त्राची, दुसरी वाड्यावरची. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे भाषांतर केले ते साध्या बाईला समजावे म्हणून, आणि ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आले. पण चर्चमध्ये ऐकू येणारी मराठी बहुधा दुसरीच असते, तिला छापील पुस्तकाचा वास असतो. माझ्या मैत्रिणीच्या लेखनात या दोन भाषा जेथे एकमेकींवर आदळतात, ‘जीवनाचे पाणी’ आणि ‘शेंदणे’ जेथे एका वाक्यात येतात, तेथे ठिणगी पडते. जेथे शास्त्राची भाषा एकटीच बोलते तेथे ती दुसऱ्या कोणाचीही असू शकली असती.

तिला तमिळ लेखिका बामा यांचे ‘करुक्कु’ मी वाचायला दिले होते. १९९२ साली आलेले हे आत्मकथन एका दलित कॅथलिक स्त्रीचे. जोगीण होऊन मठात गेलेली आणि तेथली जात पाहून बाहेर पडलेली. माझी अपेक्षा होती की तिला ते आपले वाटेल. तिला वाटलेही, पण तिने एक फरक नोंदवला. बामांचे भांडण मठाशी आहे, माझे भांडण मजकुराशी आहे, असे तिने लिहिले. हा फरक खरा आहे. संस्थेतून बाहेर पडता येते. शुभवर्तमानातला ‘कुत्री’ हा शब्द घेऊन बाहेर कोठे पडणार? १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या बाजूने ईश्वरशास्त्र मांडण्याची भाषा केली आणि पुढे तिचे दलित ईश्वरशास्त्र झाले. येशूलाच दलित म्हणून पाहण्याचा धागा तेथे आहे. ते लेखन इंग्रजीत आणि सेमिनरीतले. तिने ते नंतर वाचले. आपला विहिरीवरचा लेख त्याआधीचा आहे याचा तिला मनापासून आनंद झाला होता, आणि लगेच ती म्हणाली होती की त्यांच्या ख्रिस्ताकडे दोर आहे का ते बघून सांग.

या अंकाच्या संपादकांशी माझे बोलणे झाले आहे. कनानी बाईच्या दोन्ही कविता पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापाव्यात, ‘मांगवाडा’ हा शब्द जेथे आहे तेथे ठेवावा आणि गाळायला सांगितलेले कडवे गाळू नये, एवढे मी त्यांना सुचवले आहे. विहिरीवरचा लेख मोठा आहे, त्याला स्वतंत्र जागा लागेल. तिसऱ्या वहीतले शेवटचे लेखन अपुरे आहे. शोमरोनी बाई गावात धावत गेली तेव्हा घागर विहिरीवर राहिली. ती नंतर कोणी उचलली, यावर तिने दीड पान लिहिले आहे. त्यात शिष्य विहिरीवर परत आलेले आहेत, त्यांच्यातला एक जण घागरीकडे पाहतो आणि तिला हात लावावा की नाही याचा विचार करतो. पुढचे पान कोरे आहे.